शिट्टीवर पळालेला सत्कार

सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात खाणशास्त्र शिकवण्यात गेली. खडकात भोक कसं पाडायचं, त्यात दारू कशी ठासायची, उडवायच्या आधी माणसं कशी हलवायची, हे शिकून माझी पोरं देशभर साहेब झाली. आणि आमची माय? ती अजून विचारते, "आरं बापू, तू तितं नेमकं करतूस काय?"

म्हणून घाटनांदूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेनं माझा सत्कार ठरवला, तेव्हा मी लई हरखलो. शालीचं सोडा हो, तसल्या घरात चार पडल्यात. पण माय पहिल्या रांगेत बसणार, हेडमास्तर माइकवरून माझी सगळी कारकीर्द वाचणार आणि तिला एकदाचं कळणार, एवढीच हौस होती.

मांडव शाळेच्या मैदानात. कुंपणापलीकडं शंकरनानांची विहीर. तिथं सकाळपासून खडकात भोकं पाडायचा, ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर धडधडत होता. ट्रॅक्टरच्या मागं लाल फडकं लटकत होतं. हेडमास्तर वाचत वाचत माझ्या दुसऱ्या पदवीपर्यंत आले, आता पीएचडी येणार, तेवढ्यात कंप्रेसर गप झाला. विहिरीतून दोन माणसं भराभर वर चढली आणि जी पळत सुटली, ती ट्रॅक्टरच्या आड दिसेनाशी झाली.

आता तुम्हीच सांगा. मशीन बंद, लाल फडकं, माणसं पळतायत. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. सुरुंगाला बत्ती दिली! आणि विहिरीपासून मांडव पन्नास पावलांवर. त्यात माझी माय.

मी माइक हिसकावला. "सुरुंग हाय, उठा, रस्त्यापलीकडं पळा!" खाणीत जायच्या सवयीनं माझ्या खिशात कायम शिट्टी असते, बायको त्यावरून लई चिडवते. ती काढून मी अशी फुंकली म्हणता! पोरं, बाया, म्हातारे, हातातल्या हारासकट सरपंच, सगळे सुटले. मायला मी खांद्यावर टाकलं. ती पाठीत बुक्क्या घालत होती, "काहून पळायलास मुडद्या, माझी चप्पल ऱ्हायली."

थेट सरपंचांच्या हरभऱ्यात जाऊन थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आवाज नाही. म्हणजे बार फसला! मग तर अर्धा तास कुणी जवळ जायचं नसतं, नियमच आहे. कुणी जरा हललं की मी शिट्टी फुंकायचो. माणसं गुमान खाली बसली आणि हाताला लागेल तो हरभरा उपटून सोलायला लागली. सरपंचांनी हात मोकळे करायला हार स्वतःच्याच गळ्यात घातला आणि आपल्या पिकाकडं बघत बसले.

अर्ध्या तासानं मी एकटाच, जीव मुठीत धरून, मांडवात डोकावलो. रिकाम्या खुर्च्या. पहिल्या रांगेत मात्र दोन माणसं, तोंडं धुतलेली, केसांत दगडाची भुकटी, हात गुडघ्यांवर ठेवून शिस्तीत बसलेली.

त्यातला एक उठला. "जयभीम सर. आमी आडव्या बोअरवाले. तुमचं भाषण ऐकू यावं म्हणून मशीन बंद केली. जागा घावावी म्हणून पळत येऊन हौदावर तोंड धुतलं. मशीननं कान बसलेले, माइकवर काय वरडलाव ते कळलं न्हाई. आन हितं तर कुणीच न्हाई. कवा सुरू करताव?"

आडवा बोअर! पाण्याचा झरा लागावा म्हणून विहिरीच्या भिंतीत पाडतात ते भोक. त्यात दारूचा काय संबंध? सुरुंगाचं भोक उभं असतं, तळात. आणि लाल फडकं? ट्रॅक्टरच्या मागं पाइप बाहेर आले होते, म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बांधलेलं. आधी विहिरीत वाकून बघा, भोक आडवं की उभं, मग बोला, असं मी पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच तासाला बजावतो. स्वतः वाकलो असतो तर?

लोक परतले ते पोटं भरून. माझ्या कारकिर्दीचा कागद पळापळीत कुठं गेला तो गेलाच, त्यामुळं पीएचडी वाचायची राहिली ती राहिलीच. शाल तेवढी पडली अंगावर.

संध्याकाळी ओसरीवर शेजारच्या मावशीनं मायला विचारलंच, तुमचा बापू तिकडं शिकवतो तरी काय. मी कान टवकारले. माय ताठ बसली.

"आज कळलं बाई," ती म्हणाली. "पीटीचा मास्तर हाय. लई कडक. शिट्टी वाजीवली की सरपंच बी पळतो."