पोटातल्याचा वाटा

चैतू उसेंडीनं वाटे पाडले की भांडण होत नाही, हे धानोऱ्याकडच्या त्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, लहान पोरालाही माहीत. बोडीच्या तळ्यातल्या मासोळ्या असोत, देवाच्या जागी कापलेला बकरा असो, झाडावरून उतरवलेला मध असो, पळसाची पानं अंथरून चैतूच बसायचा. म्हातारीला वाटा, आजाऱ्याला वाटा, जो कामाला आलाच नाही त्याच्याही घरी वाटा. आणि बाई दोन जिवाची असली तर तिला दोन वाटे, एक तिचा अन् एक पोटातल्याचा. ही रीत काही चैतूनं काढलेली नाही, आजा-पणजापासूनची आहे. पण रीत पाळावी तर चैतूनंच. स्वतःचा वाटा तो शेवटी उचलायचा, उरेल तो. असल्या सरळ माणसावर केवढी आफत आली, ते ऐका.

त्याच्या बायकोला, सोमारीला, मिरगी होती. उभ्याउभी कोसळायची, दातखीळ बसायची, तोंडाला फेस. पुजाऱ्याला दाखवून झालं, कांदा हुंगवून झाला, चप्पलसुद्धा हुंगवून झाली. शेवटी चैतूनं तिला गडचिरोलीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ एक एक. चुकवायची नाही," असं बजावून महिन्याभराची थैली हातात ठेवली. बाप्पा, काय गुण आला म्हणता! सोमारी पुन्हा मोहफूल वेचायला जाऊ लागली, खळखळून हसू लागली, नवऱ्याशी कडाकडा भांडूसुद्धा लागली. ती भांडली की चैतू खूश व्हायचा.

पण त्याच टोल्यात मिरगीचे आणखी दोघं होते. एक झिंगू म्हातारा, जो दवाखान्याचं नाव काढलं की रानात पळायचा. दुसरी बिरजूची बायको रंजीता, पहिलटकरीण. तिला एस.टी.त बसलं की भडाभडा उलट्या व्हायच्या, म्हणून बिरजू म्हणायचा, बाळंतपण होऊ दे, मग नेऊ. एकदा रंजीता चैतूच्या डोळ्यांदेखत अंगणात पडली. हातपाय झाडत होती अन् बिरजू तिचं डोकं मांडीवर धरून रडत होता. चैतूच्या मनात आलं, आपल्या घरात औषध असताना शेजारची पोरगी मातीत लोळते? थू आपल्या जिनगानीवर!

पुढच्या महिन्याची थैली आली, तसा चैतू अंगणात पानं मांडून बसला. कात्रीनं गोळ्यांच्या पट्ट्या कापल्या आणि सारखे चार वाटे पाडले. एक सोमारीचा, एक झिंगूचा, अन् दोन रंजीताचे. सोमारी बाजूलाच बसली होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "बराबर हाय."

आता हसू नका. तुम्ही-आम्ही आपल्या गोळीचा तुकडा तरी कोणाला देतो का?

दोन-तीन महिने असेच गेले. सोमारी आता दिवसाआड गोळी घेत होती, कधी त्याहून उशिरा. मिरगी परत आली. चैतूला वाटलं, औषधाचा जोर सरला असेल. मग एका सकाळी सोमारी भाकरी थापताथापता चुलीवरच पडली. चैतू पाणी घेऊन येईस्तोवर हात कोपरापर्यंत भाजला होता. कातडी सोलून निघाली होती. त्यानं तिला तशीच गडचिरोलीला नेलं.

दवाखान्यात सोमारीच्या हाताला पट्टी झाली. डॉक्टरीणबाई चैतूला म्हणाली, "गोळ्या रोज देता ना?"

"देतो न मॅडम. तिचा वाटा तिले पुरा देतो."

"वाटा?"

चैतूनं सगळं सांगितलं, अगदी उत्साहानं. मॅडम शाबासकी देईल, असंच त्याला वाटत होतं. तिचा पेन तसाच हातात राहिला.

"अहो भाऊ, म्हणून तर यांना फिट आली! हे औषध पूर्ण घेतलं तरच चालतं," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज उतरला. "दोन वाटे कोणाला दिले म्हणालात?"

"रंजीताले. पोटुशी हाय ना ते. एक तिचा, एक पोटातल्याचा."

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठलीच. ही गोळी सोमारीसारख्या, मूल होण्याचं वय उलटलेल्या बाईला चालते, पण गरोदर बाईसाठी ती वाईट, असं तिनं सांगितलं. पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याला, मेंदूला अपाय होऊ शकतो. होईलच असं नाही, पण तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. "आणि घाबरून एकदम बंद करू नका हं, त्यानं मिरगी आणखी जोरात येते. उद्याच दोघांना घेऊन या, गाडीची सोय मी करते." मग ती म्हणाली, "हे आम्ही आधीच सांगायला पाहिजे होतं."

पाहिजे होतं न बाई! पण नाही सांगितलं. आणि सांगणार तरी कसं? कोणी माणूस औषधाचेही वाटे पाडील, हे शिकलेल्या माणसाच्या स्वप्नात तरी येईल का?

सोमारीला तिथं ठेवून चैतू एस.टी.नं परतला. कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी हा आपला खिडकीबाहेर पाहत होता. लेकराच्या वाट्याला विष घातलं मी, तेही दुप्पट. हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

दिवस मावळायच्या आत तो बिरजूच्या अंगणात पोचला. बिरजू बैलांना घेऊन अजून आला नव्हता. रंजीता सुपात धान पाखडत बसली होती. "भाऊ, सोमारीबाईचा हात कसा हाय? या, बसा ना," ती म्हणाली.

चैतू बसला नाही. उभ्याउभ्यानंच त्यानं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. ते त्याला येतच नव्हतं. रंजीता ऐकत राहिली, सूप तसंच धरून. मग अचानक तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली. ती उठली, घरात गेली अन् एक डबा घेऊन आली. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, पळसाच्या पानात नीट गुंडाळलेल्या.

"पोराचा वाटा मी खाल्लाच नाई, भाऊ! मास नासते म्हणून मायनं खाऊन घ्यावं लागते. गोया कुठी नासते? म्हटलं, ठेवून देतो. जनमला का त्याले घोटून पाजीन, मंग त्याले मिरगी येनारच नाई."

तान्ह्या पोराला घोटून पाजणार होती! अगा बाप्पा, एवढं टळलं तरी! चैतूनं झडप घालून डबा पकडला.

रंजीतानं डबा सोडला नाही. ती हसत होती. "घाबरू नका ना, भाऊ. त्याच्या वाट्यातली एकबी गोई माह्या तोंडात गेली नाई. मी आपलाच वाटा खाल्ला. त्याले काईच नाई झालं असन, नाई?"

चैतूनं तिच्याकडं पाहिलं. आयुष्यभर ज्यानं पोटातल्याचा वाटा वेगळा काढला, त्यालाच आता हे सांगायचं होतं. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "पोटातल्याचा वाटा वेगळा नसते वं. तू जे खाल्लं, तेच त्यानंबी खाल्लं."

रंजीताच्या हातून डबा सुटला आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.