ताईसाठी वाचताना गाळलेली पानं

यंदा मी बरीच पुस्तकं वाचली, असं दिवाळीपर्यंत मी सांगत होतो. आकडाही सांगत होतो. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य जात असल्यामुळे आकड्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नाही. एकेचाळीस. त्यात कादंबऱ्या होत्या, रहस्यकथा होत्या, नदीकाठानं पायी फिरलेल्या एका माणसाचं प्रवासवर्णन होतं, ताऱ्यांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि खानावळ चालवून चार मुलं वाढवलेल्या एका बाईचं आत्मचरित्रही होतं. आमच्या धरमपेठेत महिन्यातून एकदा काही वाचणारी मंडळी जमतात आणि अलीकडे काय वाचलं ते सांगतात. त्या आत्मचरित्रावर मी दहा मिनिटं बोललो. "ही बाई एकदाही रडत नाही," हे माझं वाक्य लोकांना फार आवडलं. दोघांनी ते पुस्तक माझ्याकडून पाळीपाळीनं वाचायला मागून नेलं.

माझी वाचायची रीत अशी की सुरुवातीची पन्नासेक पानं नीट वाचायची. मग माणसं बोलत असतील तिथं थांबायचं, वर्णन आलं की नजर खाली उतरवायची. शेवट पुन्हा नीट. यात काही खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. सगळेच असं वाचत असतील असं धरून चाललो होतो.

दिवाळीनंतर माझी थोरली बहीण काटोलहून आमच्याकडे आली. तिचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. आता दुसऱ्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा फुगा सोडला आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून तिला दिवसरात्र पालथं झोपायला सांगितलं. नजर किती परत येईल ते फुगा विरल्यावरच कळणार होतं.

ताई शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर तिची दुपार पुस्तकात जायची. वर्षाला पाच-सहाच पुस्तकं, पण एकेक ती महिनाभर पुरवून वाचायची. ती पलंगाच्या कडेला उशीवर कपाळ टेकून पालथी पडलेली आणि मी खाली चटईवर बसून वाचतोय, असा आमचा रोज संध्याकाळचा क्रम सुरू झाला. मोबाइलवरची वाचणारी बाई तिला नको होती. "ते बाई गाडीची वेळ सांगितल्यासारखी वाचते," म्हणाली. "तू वाच गा. तुह्या आवाजात बरं वाटते."

आधी एक रहस्यकथा वाचली. ती दोन संध्याकाळींत संपली.

"तुह्या पुस्तकाचे पानं लवकर पलटतात गा," ताई म्हणाली.

"मी भरभर वाचतो."

"नाही, वाचतो तर तू आरामात. पानंच लवकर पलटतात."

मी हसलो. हिनं ओळखलं असेल असं मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर आपण पानं गाळतोय हेच माझ्या लक्षात येत नव्हतं. मोठ्यानं वाचतानाही माझी नजर सवयीनं घसरायची आणि जीभ तिच्यामागं जायची. नंतर लक्षात येऊ लागलं, तेव्हा मी थांबलो नाही. तिला कंटाळा येऊ नये म्हणून करतोय, अशी मी माझी समजूत घातली.

मग त्या खानावळवाल्या बाईचं पुस्तक घेतलं. त्यात सुरुवातीला तिच्यासोबत एक धाकटी बहीण आहे. पोळ्या लाटते, गिऱ्हाइकांच्या नकला करते. तिसऱ्या संध्याकाळी मी वाचायला बसलो, तर ताईनं विचारलं, "ते लहान बहीण कुठं गेली गा?"

मला आठवेना. आठवेल कसं? मी म्हणालो, "लेखिकेनं पुढं काही सांगितलेलं नाही. काही गोष्टी ती मोकळ्या सोडते. तीच तिची शैली आहे."

ताई उशीतूनच म्हणाली, "सांगितलं आहे. आज तू ऑफिसात होता तवा वहिनीनं वाचलं. चौदा पानं आहेत. ते पोरगी विहिरीत पडून मेली, अन् ही बाई सहा महिने खानावळ बंद करून रडत बसली. तुले काहून खोटं बोलाव लागलं?"

दारात बायको उभी होती. ती आत निघून गेली, बहुधा माझी लाज राखायला.

"ताई, अगं, मी..."

"डोळा नाही आला तर मले जन्मभर कोणीतरी वाचून दाखवणारा लागन. मी तुह्यावर भरवसा ठेवून होते. तू देशीन तेवढंच मले भेटन ना आता. तूच त्यातलं काढून घेतलं तर मले कसं कळन?"

मी पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "राहू दे. वहिनीले पाठव."

त्या दिवसापासून बायको वाचते. तिचा आवाज सपाट आहे, जोडाक्षरांना अडखळते, पण ओळीमागून ओळ वाचते. मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकायचो. ती पुस्तकं माझ्या एकेचाळीसांतली, आणि निम्मी मला नवीन. नदीकाठचा तो प्रवासी अखंड चालत राहतो असं मी मंडळींना सांगितलं होतं. तो मध्ये तापानं पडतो आणि एका कोळ्याच्या घरी पावसाळाभर राहतो, त्यांची जाळी शिवतो. पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. ताऱ्यांच्या पुस्तकाबद्दल मी म्हणालो होतो, लेखकानं सगळं उलगडून सांगितलंय. मधल्या प्रकरणांत तो दर थोड्या पानांनी लिहितो की हे आम्हाला अजून ठाऊक नाही.

आणि ती बाई रडते. चौदा पानं रडते. माझं वाक्य आवडलेले ते दोघं दिवाळीआधीच पुस्तक परत देऊन गेले होते, तेव्हा त्याबद्दल काही बोलले नव्हते. त्यांनीही ती पानं गाळली असतील, किंवा वाचली असतील. कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता आलं नाही. त्यानंतरच्या बैठकीला मी गेलो नाही.

फुगा विरला. ताईला माणसं ओळखू येतात, वाट दिसते, भाजी निवडता येते. अक्षर लागत नाही. ती काटोलला परत गेली. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, माझ्या नाही, बायकोच्या नंबरवर. बायको फोन उशीला टेकवून ठेवते आणि वाचते. मी शेजारी बसतो.

परवा मध्येच ताईनं विचारलं, "तो आहे का वं तिथं?"

"आहेत. ऐकताहेत."

"ऐकू दे. त्याचंही वाचाचं राहिलंच आहे."

दोघी हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, उद्या मी वाचू का? ती म्हणाली, "मला काय विचारता? ताईंना विचारा."

अजून विचारलेलं नाही.