माझ्या नावाची नोंद

"आयेचो आवाज घातलो." सरांनी स्क्रीनवरचं माझं हे वाक्य हेल काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. मग मला विचारलं, "हे ऑफिस आहे की मासळीबाजार?"

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मालवणातली सरांची छोटी कंपनी पर्यटकांसाठी किनाऱ्याची वेबसाइट बनवत होती. प्रत्येकाचं काम रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साठ्यात जायचं. कुणी काय बदललं याची ज्याने-त्याने लिहिलेली एका वाक्याची नोंद नावासकट राहायची. मी बंदरावर मासळी विकणाऱ्या माझ्या आईचा व्हिडिओ त्यात टाकला. कापला, पुन्हा टाकला. पुन्हा कापला. मजकुराचा नुसता बदल साठतो, व्हिडिओ दर वेळी जवळजवळ अख्खा बसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साठा फुगला. मरतुकड्या ब्रॉडबँडवर सगळ्यांची कामं अडकली.

चूक माझीच. पण सर चुकीबद्दल बोललेच नाहीत. "मासेवालीची पोर. टोपली ओतायचीच सवय." मी हात ओढणीला पुसले. सकाळी आईला बांगडे निवडून दिले होते. वास येतोय का, एवढंच डोक्यात. मला आईची लाज वाटली. माझ्या आईची.

उपाय इंटरनेटवर सापडला. जड फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या, साठ्यात फक्त त्या कुठे आहेत हे सांगणारी एका ओळीची खूण. पण आधीचे व्हिडिओ उपटून काढायचे तर जुन्या सगळ्या नोंदी नव्याने लिहाव्या लागतात. सर म्हणाले, "लिहितेच आहेस तर तुझ्या नोंदी माझ्या नावावर टाक. आणि ती गावठी भाषा काढ. क्लायंट बघणार आहे."

मी होकाराची मान हलवली. घरी आले तर आई वाटच बघत होती. "गो चेडवा, माझो आवाज मुंबयच्या लोकांका आयकाक गावतलो मां?"

आपला आवाज मुंबईच्या लोकांना ऐकायला मिळणार, या आशेने बघणाऱ्या तिच्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी नोंदी नव्याने लिहिल्या. व्हिडिओ बाहेर, खुणा आत. नाव माझंच ठेवलं. भाषाही.

"काढलं नाहीस?" सरांनी विचारलं.

"काढूक नाय. काढूचंय नाय."

ऑफिसात पहिल्यांदा मालवणी बोलले. सरांनी दाराकडे बोट दाखवलं.

नोकरी गेली. जाऊ दे. माझ्या हातचं काम यापुढे कुणाच्याही नावावर चढू देणार नाही.