थरथरणारी रेघ

गांधीबागेतल्या साडीदुकानाच्या टीव्ही-जाहिरातीत, सरकत येणाऱ्या नावाखाली मी केसाएवढी बारीक रेघ ओढली. ती माझी चूक, पण ते नंतर कळलं. पाट्या रंगवून शिकलेला हात, त्याची हौस! नव्या संगणकावर रेघ स्थिर होती, टीव्हीवर मात्र थरथरत होती. दुकानाचा शेठ तासाभरात जाहिरात बघायला येणार. नापसंत झाली तर माझी नोकरीच जायची. मला संशय स्टुडिओतल्या मेकॅनिकचा. पेंटरला संगणकावर बसवलेलं त्याला खुपत होतं. तो चहाला गेल्यावर मी त्याच्या वायरी उपसून तपासल्या. तेवढ्यात तो परतला.

"टीव्ही एक ओळ सोडून एक दाखवते गा, उरलेल्या मागून! तुही रेघ एकाच ओळीची, म्हणून लपकते, दिसते न् जाते. जाड कर. अन् चोर मले समजून राहिला, वायरी तूच उपटल्या! लाव पहिले, शेठ जिना चढून राहिला."