तोफखान्यातल्या योहानचे कागद

जुने कागद गोळा करणाऱ्या माणसाकडे कागदांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कागद निदान फायलीत बसतात. किस्से घरभर पडून असतात आणि कुणी चहाला आलं की पायात येतात. माझे गेल्या वर्षभरातले सगळे किस्से एकाच माणसाचे आहेत, आणि त्या माणसाला मी कधी पाहिलेलंही नाही.

*

जर्मनीतल्या आखनमध्ये आम्ही राहतो ते घर फ्राउ ब्रेनर यांचं, म्हणजे ब्रेनरबाईंचं. त्या खाली, आम्ही वर. वय शहाऐंशी, लग्न केलेलं नाही, जिना अजून स्वतः झाडतात. मी सॉफ्टवेअरवाला, पण रविवारी फ्लोमार्क्टला, म्हणजे आपल्या जुन्या बाजारात, पोस्टकार्डं धुंडाळत फिरतो. एका रविवारी बेल्जियमहून आलेल्या विक्रेत्याच्या खोक्यात दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन सैनिकाचं पगार-पुस्तक सापडलं. दल तोफखाना, नाव योहान ब्रेनर. पत्ता वाचला. तो आमच्याच घराचा होता!

वडील योहान गेल्यावर फ्राउ ब्रेनर यांच्या भावानं त्यांचे लष्करी कागद विकून टाकले होते. विक्रेत्यांनी ते सुटे केले आणि ते चार गावांत पांगले. मी पुस्तक नेऊन दिलं तर त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. बाकीचे मिळतात का बघाल, म्हणाल्या. वसंतात त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या.

"युद्धावरून आल्यावर बाबा माझ्या भावाशी बोलायचे. मी हाक मारली तर वळायचेसुद्धा नाहीत. जेवताना त्यांच्या शेजारीच, डाव्या हाताला बसायचे मी. तिकडे असं काय करून आले होते, की मुलीकडे बघवत नव्हतं? जायच्या आधी मला हे कळायला हवं."

मी आनंदानं हो म्हणालो आणि वर येता येता मनात आलं, काही भयंकर निघालं, तर ते या बाईंना सांगणार कोण?

*

दुसरा कागद ड्युसेलडॉर्फच्या बाजारात मिळाला. शौर्यपदकाचं सर्टिफिकेट. वर नाझींचं स्वस्तिक. इथे ते चिन्ह उघड मांडायला बंदी, म्हणून विक्रेत्यानं त्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली. माझी बायको मुग्धा आधीच काळजीचं माहेरघर, त्यात आमचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी पडलेला. तिनं सर्टिफिकेट कणकेच्या डब्यामागे लपवलं. तेवढ्यानं भागेना म्हणून दारावरचं कुंकवाचं स्वस्तिकही ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मग देव रागावतील म्हणून रात्रभर जागी. सकाळी तिथे ॐ काढलेला होता.

*

सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी दफ्तराला अर्ज केला. फ्राउ ब्रेनर यांनी सही केली, बाकीचा फॉर्म मी भरला. अर्जदाराच्या प्रतिनिधीचं सैनिकाशी नातं, असा एक रकाना होता. खोटं कसं लिहायचं? मी लिहिलं, भाडेकरू.

आठवड्यानं तिथल्या बाईंचा फोन आला. आवाज इतका थंड, की मी उभं राहूनच बोललो. तोफखान्यातल्या सैनिकाच्या मुलीचे भाडेकरू, मूळचे पुण्याचे, बरोबर का?

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं मी म्हणालो.

पलीकडे कळफलक वाजला. मग त्या म्हणाल्या, असं नातं आमच्या यादीत नाही, 'इतर' लिहिते.

*

तेवढ्यात साताऱ्याहून माझे सासरे आले. अण्णा आपल्या सैन्यात तोफखान्यातच हवालदार होते. माणूस अबोल. मुग्धा जर्मनीला आली तेव्हापासून त्यांनी तिच्याशी धड बोलणं टाकलंय, अशी तिची कायमची तक्रार.

टेबलावर योहानचा एक फोटो होता, पगार-पुस्तकातच मिळालेला. तोफेपुढे सहा जण. पाच जण सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत, एकट्या योहाननं मान वळवून उजवी बाजू पुढे केलीय. मी त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची खूण शोधत महिनाभर तो फोटो न्याहाळला होता. अण्णांनी चष्मा लावला, घटकाभर पाहिला.

"जावईबापू, ह्याचा डावा कान गेलाय. फोटोवाला काय सांगतोय ते ऐकतोय तो."

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"माझा पण गेलाय. मेडिकलमध्ये कळलं असतं तर बढती राहिली असती. मग घरी तरी कशाला सांगायचं?"

ओट्याशी मुग्धा उभी होती. तिनं झारा खाली ठेवला. डोळे पुसत तिनं विचारलं, "म्हणजे शाळेच्या सहलीला जाऊ का म्हणून मी मागे लागायचे, तेव्हा तुम्हाला ऐकूच यायचं नाही?"

"ते यायचं," अण्णा म्हणाले.

*

दफ्तराचं उत्तर आलं तेव्हा मुग्धा देवापुढे दिवा लावून बसली आणि मी पाकीट फोडलं. पहिल्या पानावर रशियातल्या गावांची नावं आणि तारखा. तिथे त्याच्या तोफांनी काय केलं, कोण मेलं, याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या पानावर लष्करी दवाखान्याची नोंद. स्फोट, डाव्या कानाचा पडदा फाटला, ऐकू येत नाही. त्यासाठी जखमींचा बिल्लाही दिलेला. मला हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली. पहिलं पान तसंच गप्प होतं.

*

फ्राउ ब्रेनर यांचं सामान बांधून झालं होतं. शेवटच्या शनिवारी त्यांनी आम्हा तिघांना कॉफीला बोलावलं. मी फाईल उघडून सगळं वाचून दाखवलं. गावांची नावंही वाचली, आणि कागद याहून जास्त सांगत नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. कानाचं वाचलं तेव्हा म्हणाल्या, हे शक्य नाही. बाबा रेल्वेत सिग्नलवर होते, कान गेलेल्याला ती नोकरी कोण देईल? कागद बाजूला सारून त्या केक कापायला लागल्या. माझं वर्षभराचं काम टेबलाच्या कडेला पडून राहिलं.

अण्णा मध्ये बसले होते. फ्राउ ब्रेनर त्यांच्या डावीकडे, मी उजवीकडे. दूध हवं का, असं त्यांनी अण्णांना जर्मनमध्ये विचारलं. अण्णा समोर बघत कप ढवळत राहिले. मी भाषांतराला तोंड उघडलं, तर फ्राउ ब्रेनर यांनी हात वर करून मला थांबवलं. पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. अण्णांचा चमचा कपात फिरतच होता. त्या त्यांच्या डाव्या कानाकडे बघत राहिल्या.

मग त्या काठी घेऊन उठल्या. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या. मी खुर्ची सोडली. त्या अण्णांच्या उजवीकडे बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पापा?"

अण्णा लगेच वळले.

"बोला," ते म्हणाले.