ऑपरेशननंतरचं वर्ष

डहाणूच्या बाजारात मी जिच्याकडून मासे घेते, ती गिऱ्हाइकाकडे बघत बोलते, मराठीत सुरुवात करून गुजरातीत भाव ठरवते. गर्भाशय काढल्यावर मात्र ती गप्पच झाली. नवरा बोटीवरून आला की ओटीवर झोपायचा.

"त्याला मी आता बाई वाटत नाही," एकदा ती मला म्हणाली.

दवाखान्यातल्या नर्सने समुपदेशक ताईंकडे जायला सुचवलं. ती नवऱ्याला घेऊन गेली. तो पंख्याकडे बघत म्हणाला, "हात लावला तर हिला दुखेल, म्हणून लांब राहतो."

"एवढंच होतं, मॅडम! त्यापायी वर्ष गेलं आमचं," पापलेट कापता कापता, आवाज जराही खाली न आणता तिने मला सांगितलं. दोघं अजून ताईंकडे जातात. सगळंच काही सुटलेलं नाही, पण तो आता घरात झोपतो.

परवा शेजारी बसणारी मासेवाली तिला हळूच म्हणाली, "माझंपण तेच ऑपरेशन ठरलंय. नवऱ्याला कसं सांगू?"

"तू एकटी नको सांगू. त्याला घेऊन ताईंकडे जा, ऑपरेशनच्या आधीच," ती म्हणाली. "आम्ही फार उशिरा गेलो."