पापडाच्या कापडावरची काजळी

दुसऱ्याची वस्तू मळकी परत करू नये, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून आमच्या गच्चीवर ठेवलेल्या यंत्रातला काळवंडलेला कागद मी हळूच काढला, कठड्यावरून झटकला आणि वर ओल्या फडक्याने पुसला. तो फाटला. हवेतली तीन दिवसांची काजळी त्या कागदावर जमावी, एवढ्यासाठीच ते यंत्र तिथे घरघरत होतं, हे मला यंत्र ठेवणाऱ्या बाईंनी दोनदा सांगितलं होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचो आणि सरावलीतल्या वसाहतीत राहायचो. त्या उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर काळी पूड पडायला लागली. समोरच्या शेतात एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना बाबा म्हणत, दरवर्षी राब भाजायचे. पालापाचोळा, फांद्या, शेण अंथरून पेटवायचं आणि भाजलेल्या त्या जमिनीत पावसाच्या तोंडावर भात पेरायचा. मी पडलो घाटावरचा. धूर दिसला, गुन्हेगार सापडला! राब बंद करा, या अर्जावर पहिली सही माझी.

"राब नाय भाजला त रोप कसा येल, भाऊ?" बाबा म्हणाले. "आन रोप नाय त वरीसभर खायाचा काय?"

अर्जाची चौकशी करायला प्रयोगशाळेतून त्या बाई आल्या. निकाल लागेपर्यंत बाबांनी राब पेटवायचा नाही, असं वसाहतीने ठरवलं. इकडे आभाळ भरून यायला लागलं होतं. बाबांचा अर्धा राब भाजायचा राहिला होता, आणि रचलेला राब एकदा भिजला की पेटत नाही. आणि नेमका त्याच वेळी मी स्वच्छतेला हात घातला.

फाटका कागद पाहून बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "पुन्हा तीन दिवस," एवढंच म्हणाल्या. बाबा पायरीवर बसले होते. ते आभाळाकडे बघत राहिले.

तेवढ्यात आमची मंडळी चहा घेऊन आली. "बाई, माझं कापड चालेल का? तीन दिवस पापड त्याच्याखालीच आहेत. तेही तिथेच, यंत्राशेजारी."

बाई चहा विसरून गच्चीवर धावल्या.

मग आमच्या जेवायच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आला. बाईंची रीत मला फार आवडली. त्यांनी आल्या दिवशीच प्रत्येक संशयिताची चिमूट घेऊन ठेवली होती : राबाची राख, रस्त्याची धूळ आणि आमच्या कारखान्याच्या धुराड्यातली काजळी. ही शेवटची मीच मोठ्या ऐटीत डबीतून आणून दिली होती. आधी त्यांनी मला एकेकाची ओळख करून दिली. राबाचे तुकडे चपटे, काहींत पानाच्या शिरासुद्धा दिसत होत्या. रस्त्याची धूळ खड्यांसारखी, कोनेदार. आमच्या बॉयलरचे मात्र काळे गोळे, अनारशासारखी जाळी पडलेले.

"तेल नीट जळलं नाही की असे होतात," बाई म्हणाल्या. "आता हे बघा. वहिनींच्या कापडावरचं."

मी डोळा लावला. अनारसेच अनारसे! मधूनच आधीच्या राखेतून उडालेला एखादा पानाचा तुकडा.

"कुणाचे?" बाईंनी विचारलं. वर्गात विचारावं तसं.

"माझे," मी म्हणालो.

इतकी वर्षं मी धुराड्याकडे बघत होतो आणि या बाईंनी एका पापडाच्या कापडावरून मला माझाच धूर ओळखून दाखवला. अशा माणसापुढे लाज वाटतानाही बरं वाटतं. "कागदासारखा काट्यावर तोललेला पुरावा नाही हा," त्या म्हणाल्या, "पण राब बंद असतानाही काजळी पडतेच आहे, तेव्हा बाबांना थांबवायला आता कारण उरलं नाही." नवा कागद लावून त्या खाली उतरल्या.

अर्ज मीच मागे घेतला. कारखान्यात सांगून बर्नर उतरवून साफ करायला लावला. पण त्याआधी शेतात गेलो.

"मंग पेटवू?" बाबांनी विचारलं.

"पेटवा, बाबा. चुकलं माझं."

"पेटवताव. पन आज जो धूर येल तेवढाच माजा हाय, वयनीला सांग. नायतर तुजी काजली माज्या नावावर लावशील!"

राब कोरडा होता, लगेच धरला. घरी येऊन मी सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि ते कापड माझ्या हातात दिलं.

"तुमचीच काजळी आहे, तुम्हीच धुवा," ती म्हणाली. "आणि नुसतं झटकू नका."